ऑनलाइन दुकानाची विक्री अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कशी आणायची? आधी एका चादरीचा हिशोब समजून घ्या

माझी मावशी सोलापूरला असते. तिचं चादरी आणि टॉवेलचं छोटं दुकान आहे. तीनेक वर्षांपूर्वी तिने एका मोठ्या मार्केटप्लेसवर खातं उघडलं आणि हळूहळू बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीहून ऑर्डरी यायला लागल्या. दुकानाचा हिशोब टॅलीत होता, पण ऑनलाइनचा हिशोब वहीत. मग एका दिवाळीला मावशी म्हणाली, "अरे, तू एवढा कंप्युटरचा इंजिनियर, हे ऑनलाइनचं तेवढं टॅलीत टाकून दे की!"

मी दोन तासांत पायथनची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. बँकेचं स्टेटमेंट घ्यायचं, मार्केटप्लेसकडून जमा झालेल्या रकमा शोधायच्या आणि प्रत्येक रकमेची एक विक्रीची नोंद टॅलीत टाकायची. स्क्रिप्ट बिनचूक चालली. एकही एरर नाही. मावशी खूश, मीही खूश.

ऑगस्ट २०२५ मध्ये मावशीच्या सीएंचा फोन आला. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या सहा महिन्यांत जीएसटी पोर्टलवर मार्केटप्लेसने मावशीची करपात्र विक्री ४ लाख ८० हजार रुपये दाखवली होती. टॅलीत होती ३ लाख ७६ हजार. एक लाखाहून जास्त फरक. मावशीचा पहिला प्रश्न होता, "बँकेत जेवढे आले तेवढेच लिहिले ना आपण? मग सरकारला जास्त विक्री कुठून दिसती?"

प्रश्न अगदी बरोबर होता. चूक माझी होती. बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री, हे मी गृहीत धरलं होतं. ऑनलाइन धंद्यात ते कधीच खरं नसतं. आज तुमच्यापैकी बरेच जण फोनवरूनच दुकान चालवता, म्हणून हे नीट समजून घेऊया. (मावशीचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत.)

एका चादरीचे पैसे कुठे कुठे जातात?

मावशीची चादर ग्राहकाला ८४० रुपयांना मिळते. त्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि तो किमतीतच धरलेला आहे. म्हणजे चादरीची करपात्र किंमत ८०० रुपये आणि कर ४० रुपये.

ग्राहक ८४० रुपये मार्केटप्लेसला देतो. मार्केटप्लेस त्यातून आपले पैसे कापून उरलेले मावशीला पाठवतं:

- कमिशन, शिपिंग वगैरे सगळी फी मिळून: १५० रुपये
- त्या फीवर १८ टक्के जीएसटी: २७ रुपये
- टीसीएस, म्हणजे जीएसटी कायद्याखाली मार्केटप्लेसने गोळा करायचा कर, ८०० रुपयांवर ०.५ टक्के: ४ रुपये
- टीडीएस, म्हणजे आयकराची कपात, ०.१ टक्के: ८० पैसे
- बँकेत जमा: ६५८ रुपये २० पैसे

बेरीज करून बघा. १५० + २७ + ४ + ०.८० + ६५८.२० = ८४०. पैसा ना पैसा जुळतो.

आता माझ्या स्क्रिप्टने काय केलं? तिने ६५८.२० रुपये हीच विक्री धरली. त्यातून ५ टक्के कर वेगळा काढला तर करपात्र किंमत येते ६२६.८६ रुपये. खरी किंमत ८००. सहा महिन्यांत ६०० चादरी विकल्या गेल्या. ८०० गुणिले ६०० म्हणजे ४ लाख ८० हजार, आणि ६२६.८६ गुणिले ६०० म्हणजे साधारण ३ लाख ७६ हजार. सीएंना दिसलेला फरक तो हाच.

टीसीएसचा दर आधी १ टक्का होता, तो १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के झाला. टीडीएसही १ टक्का होता, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के झाला. जुन्या महिन्यांचा हिशोब आणत असाल तर हे ध्यानात ठेवा. शिवाय विक्रेता स्वतःच्या नावाने धंदा करत असेल, वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि मार्केटप्लेसला पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर हा टीडीएस कापला जात नाही. त्यामुळे तुमच्या रिपोर्टात तो कॉलम शून्य दिसला तर घाबरू नका.

चूक किती रुपयांना पडली?

सगळ्यांना वाटतं की विक्री कमी दाखवली म्हणजे कर वाचला. मावशीलाही क्षणभर तसंच वाटलं. म्हणून मी कागदावर मांडून दाखवलं (परत आलेल्या चादरी इथे धरलेल्या नाहीत, त्यांच्याकडे पुढे येतोच):

- ६०० चादरींवरचा जीएसटी २४,००० रुपये व्हायला हवा होता. आपण दाखवला १८,८०६. म्हणजे ५,१९४ रुपये कमी भरले. हे व्याजासकट भरावे लागणार.
- मार्केटप्लेसच्या फीवर मावशीने १६,२०० रुपये जीएसटी दिला होता. फीची नोंदच नसल्यामुळे त्याचं इनपुट क्रेडिट घेतलंच नव्हतं.
- टीसीएसचे २,४०० रुपये पोर्टलवर पडून होते. ते कुणी स्वीकारलेच नव्हते.
- टीडीएसचे ४८० रुपये आयकरातून वजा करून घेता येतात. तेही धरले नव्हते.

म्हणजे ५ हजार चुकवल्याचा आरोप अंगावर आणि स्वतःचे १९ हजार तसेच सोडलेले! मावशी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती.

नशीब एवढंच की मुदत संपली नव्हती. एका आर्थिक वर्षाचं राहिलेलं इनपुट क्रेडिट आणि विक्रीच्या नोंदींमधल्या दुरुस्त्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत करता येतात (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच). ऑगस्टमध्ये लक्षात आलं म्हणून निभावलं. डिसेंबरमध्ये कळलं असतं तर ते १६,२०० रुपये गेलेच होते.

मग आयात करायची तरी कशाची?

तीन फायली लागतात आणि तिघींची कामं वेगळी आहेत.

१. विक्रीचा किंवा कराचा रिपोर्ट. यात प्रत्येक ऑर्डरची एक ओळ असते: इनव्हॉइस क्रमांक, तारीख, ग्राहकाचं राज्य, करपात्र रक्कम, कराचा दर, कर. विक्रीची नोंद फक्त या फाइलवरून करायची.

२. सेटलमेंट रिपोर्ट. कोणत्या ऑर्डरीतून किती फी, किती टीसीएस, किती टीडीएस कापला आणि शेवटी किती पाठवले ते यात असतं. खर्च आणि कपातीच्या नोंदी या फाइलवरून.

३. बँक स्टेटमेंट. पैसे खरंच आले का, एवढंच तपासण्यासाठी.

मी तिसरी फाइल पहिलीच्या जागी वापरली होती. बाकी सगळा गोंधळ त्यातून झाला.

एक टीप: विक्रेत्यांच्या मोबाइल ॲपमध्ये हे सगळे रिपोर्ट मिळतीलच असं नाही. ॲपमध्ये दिसलं नाही तर फोनच्या ब्राउझरमध्ये विक्रेत्याचं पॅनल उघडून 'डेस्कटॉप साइट' चालू करा आणि रिपोर्ट किंवा पेमेंट्स विभागात शोधा.

मधलं खातं: सगळ्या हिशोबाची किल्ली

या तीन फायली एकमेकींना जोडायच्या कशा? त्यासाठी प्रत्येक मार्केटप्लेसच्या नावाने एक मधलं खातं उघडायचं. टॅलीत ते 'सन्ड्री डेटर्स' या गटात येईल. समजा नाव दिलं 'मार्केटप्लेसकडून येणं'. आता त्या एका चादरीच्या नोंदी अशा होतील:

- विक्री झाली: खात्यात येणं ८४० रुपये
- फी आणि त्यावरचा जीएसटी: वजा १७७ (यातले १५० खर्चात, २७ इनपुट क्रेडिटमध्ये)
- टीसीएस: वजा ४ (सरकारकडून येणं म्हणून वेगळ्या खात्यात)
- टीडीएस: वजा ०.८० (तसंच वेगळ्या खात्यात)
- बँकेत जमा: वजा ६५८.२०
- शिल्लक: शून्य

ही शेवटची ओळ महत्त्वाची. शून्य आलं म्हणजे त्या ऑर्डरचा प्रत्येक रुपया कुठे गेला ते तुम्हाला माहीत आहे. महिन्याच्या शेवटी पूर्ण खात्याची शिल्लक शून्य येणार नाही, कारण शेवटच्या काही दिवसांच्या ऑर्डरींचे पैसे अजून यायचे असतात. पण जी शिल्लक दिसते ती नेमकी त्याच ऑर्डरींची असायला हवी. तसं नसेल तर काहीतरी राहिलंय, दोनदा आलंय किंवा मार्केटप्लेसने जास्त कापलंय.

इथे टॅली वापरणाऱ्यांनी एक खड्डा टाळायचा. विक्रीसाठी उघडलेल्या या खात्याला मार्केटप्लेसचा जीएसटी नंबर लावू नका. लावलात तर सॉफ्टवेअरला वाटतं की तुम्ही माल नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकला, आणि सगळी विक्री जीएसटीआर-१ मध्ये बी-टू-बी तक्त्यात जाऊन बसते. खरा ग्राहक तर बेंगळुरूमधली एखादी गृहिणी असते. फीच्या बिलांसाठी मार्केटप्लेसचं दुसरं खातं उघडा, त्याला जीएसटी नंबर लावा, आणि महिनाअखेरीस एका जर्नल नोंदीने दोन्ही खाती एकमेकांत वळती करा.

फाइल चढवताना कोणता कॉलम कुठे?

टॅलीप्राइममध्ये ४.० आवृत्तीपासून एक्सेल फाइलमधून थेट नोंदी आयात करता येतात. त्याआधी एक्सएमएल फाइल बनवावी लागायची. झोहो बुक्ससारख्या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्ही किंवा एक्सेल फाइल चढवून कॉलम जुळवता येतात. बटणं वेगळी असली तरी जुळवणीचे मुद्दे सगळीकडे तेच आहेत.

इनव्हॉइस क्रमांक: इथे ऑर्डर क्रमांक टाकू नका. जीएसटीच्या नियमानुसार इनव्हॉइस क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. अमेझॉनचा ऑर्डर क्रमांक मधल्या दोन रेघा धरून १९ अक्षरांचा होतो. ऑर्डर क्रमांक संदर्भ म्हणजे रेफरन्सच्या कॉलममध्ये ठेवा. सेटलमेंट रिपोर्टाशी जुळवताना तोच लागतो.

ग्राहकाचं राज्य: माल जिथे पोहोचतो ते राज्य. मावशीची चादर पुण्यात गेली तर सीजीएसटी २० आणि एसजीएसटी २०. बेंगळुरूला गेली तर आयजीएसटी ४०. एकूण कर तेवढाच, पण चुकीच्या खात्यात भरला तर निस्तरताना नाकी नऊ येतात. मार्केटप्लेसच्या फाइलमध्ये कधी पूर्ण नाव असतं, कधी 'एमएच', कधी सगळं मोठ्या लिपीत. आयात करण्याआधी सगळी नावं तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीप्रमाणे करून घ्या. राज्यांचे जीएसटी कोड वापरता आले तर अजून बरं: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, तेलंगणा ३६.

रक्कम: फाइलमध्ये कधी करासकट रक्कम असते, कधी कराशिवाय. एक ओळ कॅल्क्युलेटरवर तपासा. ८४० ला करपात्र समजून सॉफ्टवेअरने त्यावर अजून ४२ रुपये कर लावला, असं व्हायला नको. ग्राहकाला दिलेली सूट आणि त्याच्याकडून घेतलेला शिपिंग चार्ज वेगळ्या कॉलममध्ये असतील तर तेही धरा.

फायलींच्या चार खोड्या

तारीख. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? एक्सेल तुमच्या कंप्युटरच्या सेटिंगप्रमाणे अर्थ लावतं आणि तुम्हाला विचारत नाही. महिन्यातल्या १३ तारखेनंतरची एक ओळ बघितली की लगेच कळतं.

वेळ. काही रिपोर्टांत वेळ भारतीय नसून यूटीसीमध्ये असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे ३ वाजता कुणी ऑर्डर दिली तर त्या फाइलमध्ये ३१ मार्च रात्री साडेनऊ दिसेल. चक्क आदलं आर्थिक वर्ष! वेळेच्या कॉलमचं शीर्षक नीट वाचा.

लांब आकडे. एक्सेल एका आकड्याचे फक्त पहिले १५ अंक अचूक ठेवतं. त्यापुढचे अंक शून्य होतात आणि सेव्ह केल्यावर परत मिळत नाहीत. सीएसव्हीवर सरळ दोनदा क्लिक करून उघडू नका. आयातीच्या पर्यायातून उघडा आणि क्रमांकाचे कॉलम 'टेक्स्ट' ठेवा. मूळ फाइल कधीच बदलू नका, तिची प्रत करून कामाला घ्या.

दोनदा आयात. एकदा फाइल चढवताना नेट गेलं, मला वाटलं काहीच झालं नाही, म्हणून मी परत चढवली. ४१ नोंदी दोनदा आल्या. दरवेळी आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि आयातीनंतर नोंदींची संख्या फाइलमधल्या ओळींशी ताडून बघा. कोणत्या तारखेपर्यंतची फाइल गेली ते एका ठिकाणी लिहून ठेवा.

पहिल्यांदा करताना हजार ओळी टाकू नका. दहा ओळींची फाइल बनवा. त्यात एक ऑर्डर राज्यातली, एक बाहेरची, एक सूट दिलेली, एक परत आलेली असू द्या. या दहा नीट बसल्या तर बाकीच्याही बसतील.

परत आलेला माल

ग्राहकाने चादर परत केली तर मूळ विक्रीची नोंद पुसायची नाही. त्याची क्रेडिट नोट करायची, आणि ज्या तारखेची क्रेडिट नोट त्या महिन्यात ती धरायची. मार्चची विक्री एप्रिलमध्ये परत आली तर मार्चचं भरलेलं रिटर्न तसंच राहतं. टीसीएससुद्धा परत आलेला माल वजा करूनच मोजला जातो, त्यामुळे क्रेडिट नोटा राहिल्या तर तुमचे आणि पोर्टलचे आकडे पुन्हा जुळणार नाहीत.

बँकेतल्या रकमेवरून हिशोब ठेवला की परत आलेला माल दिसतच नाही. मार्केटप्लेस ते पैसे पुढच्या सेटलमेंटमधून गुपचूप वळते करून घेतं आणि तुम्हाला फक्त थोडी लहान रक्कम दिसते. मावशीचंही तेच झालं होतं.

खरा हिशोब मांडल्यावर काय दिसलं बघा. चादर तिला ५२० रुपयांना पडते, पॅकिंगला २०. आठशेतून १५० फी गेली, ५४० खर्च गेला, उरले ११० रुपये. आणि एक चादर परत आली की जाण्यायेण्याचा खर्च १३० रुपये. म्हणजे परत आलेली प्रत्येक चादर एका विकलेल्या चादरीचा नफा खाऊन वर वीस रुपये घेते.

परत आलेल्या मालाच्या फाइलमध्ये कारणाचा कॉलमही असतो. आम्ही तो पहिल्यांदाच वाचला. बहुतेक ठिकाणी एकच तक्रार: चादर लहान निघाली. फोटो डबल बेडवरचा होता आणि चादर सिंगल. मावशीने दुसऱ्या दिवशी चादरीवर लांबी-रुंदी लिहिलेला साधा फोटो काढून टाकला. परत येणाऱ्या चादरी त्यानंतर कमी झाल्या. हा फायदा माझ्या स्क्रिप्टचा नव्हे, नीट मांडलेल्या हिशोबाचा.

स्वतःची वेबसाइट किंवा इन्स्टाग्राम असेल तर?

शॉपिफाय, वूकॉमर्स किंवा तत्सम काही वापरून स्वतःच्या साइटवर विकत असाल तर मधे मार्केटप्लेस नाही, म्हणून टीसीएसही नाही. पण तत्त्व तेच. इथे पेमेंट गेटवे आपली फी कापतो. समजा फी २ टक्के आहे. ८४० वर १६.८० रुपये फी, त्यावर ३.०२ जीएसटी, आणि बँकेत येतात ८२०.१८. विक्री मात्र ८४० चीच. गेटवेचं वेगळं मधलं खातं उघडा.

कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पैसे कुरियर कंपनीकडे जमा होतात आणि ती काही दिवसांनी एकत्र पाठवते. तिचंही वेगळं खातं. सगळं एकाच खात्यात कोंबलं तर कोणाकडून किती यायचे ते कधीच कळणार नाही. आणि डिलिव्हरी न होता परत आलेल्या पार्सलचं इनव्हॉइस निघालेलं असेल तर त्याचीही क्रेडिट नोट लागते.

फक्त इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन यूपीआयने पैसे घेणाऱ्यांनी निदान एका शीटमध्ये ऑर्डर क्रमांक, तारीख, राज्य, रक्कम आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक हे पाच कॉलम आजपासून ठेवा. पुढे आयात करायची वेळ आली की तीच तुमची पहिली फाइल.

जीएसटी नंबर नसलेल्यांसाठी: १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्यांना (महाराष्ट्रात वस्तूंसाठी वर्षाला ४० लाख) जीएसटी नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण फक्त स्वतःच्या राज्यात. त्यासाठी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर एकही ऑर्डर पाठवायची तर नोंदणी हवीच.

एकेक ऑर्डर टाकायची की रोजची बेरीज?

दिवसाला पाच-दहा ऑर्डरी असतील तर एकेक टाका. शोधायला, परत आलेल्याशी जुळवायला सोपं जातं. दिवसाला शंभर असतील तर सॉफ्टवेअर जड होतं. सामान्य ग्राहकाला केलेली विक्री जीएसटीआर-१ मध्ये राज्य आणि दरानुसार एकत्र दाखवता येते (राज्याबाहेरचं १ लाखावरचं इनव्हॉइस मात्र वेगळं दाखवावं लागतं). त्यामुळे रोज प्रत्येक राज्याची एक नोंद चालते. फक्त मूळ फायली जपून ठेवा. मार्केटप्लेसवरून केलेली विक्री तक्ता १४ मध्येही दाखवायची असते, हे सीएंना आठवण करून द्या.

आपोआप जोडणारी ॲपही मिळतात. घेण्याआधी तीनच प्रश्न विचारा: हे ऑर्डरी आणतं की फक्त जमा रकमा? परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट करतं का? तीच ऑर्डर दोनदा आली तर ओळखतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'जमा रकमा' असेल तर ते माझ्या जुन्या स्क्रिप्टचंच महागडं भावंड आहे.

दर महिन्याचं वेळापत्रक

- १ ते ५ तारीख: तिन्ही फायली उतरवून महिन्याच्या नावाने फोल्डरमध्ये ठेवा.
- ५ ते ९: बॅकअप, मग विक्री, क्रेडिट नोटा, फी आणि कपाती आयात करा. मधल्या खात्याची शिल्लक तपासा.
- १० तारीख: मार्केटप्लेसचं जीएसटीआर-८ भरण्याची मुदत. त्यानंतर पोर्टलवर तुमची विक्री किती दाखवली ते बघा. आपल्या आकड्याशी जुळायला हवी.
- ११ तारीख: जीएसटीआर-१ ची मुदत (दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी).
- २० तारखेच्या आत: टीसीएसची रक्कम पोर्टलवर स्वीकारा. ती तुमच्या कॅश लेजरमध्ये येते. फीवरचं क्रेडिट जीएसटीआर-२बी मध्ये आलंय का बघा आणि जीएसटीआर-३बी भरा.

फीवरचं क्रेडिट दिसत नसेल तर सगळ्यात आधी हे तपासा की मार्केटप्लेसच्या खात्यात तुमचा जीएसटी नंबर बरोबर भरलाय ना.

मावशी आता दर महिन्याला टॅलीतलं ते मधलं खातं स्वतः उघडते. परवा फोन करून म्हणाली, "अरे, बावीसशे रुपये जास्तीचे येणं दिसतंय, ऑर्डर तर एकही बाकी नाही." दोन परत आलेल्या चादरींची क्रेडिट नोट राहिली होती आणि बाकी रक्कम मार्केटप्लेसने जास्तीच्या वजनाचे पैसे लावून कापली होती. तिने फोटो आणि वजनकाट्याची पावती जोडून तक्रार टाकली. आधी हे तिला कळलंच नसतं.

तुम्हीही आज एवढंच करा: मागच्या महिन्यातली एक ऑर्डर घ्या, कागदावर ग्राहकाने दिलेली रक्कम वर लिहा आणि खाली एकेक कपात वजा करत बँकेतल्या रकमेपर्यंत या. शेवटी शून्य आलं तरच फाइल आयात करायला बसा.